उसना दिलेला आवाज

आमच्या गावात नवखा माणूस सहसा वाट चुकत नसे, आणि त्याला कारण एक माणूस होता. बसस्थानकात चौकशी खिडकीच्या मागे काचेने बंद केलेली एक खोली आहे. त्या खोलीत तो आयुष्यभर बसला. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली वाटेत बंद पडली, कुणाची म्हातारी गर्दीत हरवून रडते आहे, कुणाचा डबा बाकावर राहिला, हे सगळं तो माइकमध्ये सांगे आणि छपरावरचे कर्णे ते गावभर पोचवत. त्या कर्ण्यांवरून लोकांनी त्याचंच नाव कर्णा पाडलं. पुढे पुढे त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागे.

आवाज काही गडगडाटी नव्हता. खोल विहिरीत सोडलेली बादली पाण्याला टेकावी, तसा तो कानाला लागे. न्हाव्याच्या खुर्चीत मान वाकवून बसलेला माणूस तो ऐकून म्हणे, "आटप रे बाबा, माझी गाडी लागली." गावच्या पोरी परगावी नांदायला जात, तेव्हा शेवटी कानावर पडे तो हाच आवाज, आणि वर्षांनी माहेरी येत, तेव्हा आधी भेटे तोही हाच.

माणूस मात्र भित्रा. काचेबाहेर आला की त्याचा आवाज कुठे जाई कोण जाणे. दुकानात काय मागितलं ते वाण्याला कळत नसे. वाणी म्हणे, "कर्णोबा, पुढच्या वेळी माइक घेऊन या." तो हसे आणि बोटाने वस्तू दाखवी. रस्त्यात भांडण दिसलं तर गल्ली बदली. आणि एक गंमत अशी की, गावाला जो आवाज पाठ होता, तो त्याने स्वतः कधी ऐकलाच नव्हता. काचेच्या आत त्याला ऐकू येई ती फक्त पंख्याची घरघर आणि स्वतःचा घसा.

घरात बायको होती आणि अंथरुणाला खिळलेला थोरला भाऊ. भावाला सगळे दादा म्हणत. दादाच्या छातीत पाणी होई, धाप लागे, पण जीभ शाबूत होती. आई त्यांची डोंगरापलीकडची. तिकडची बोली वेगळी, आपल्या लोकांना एक अक्षर कळत नाही. आई गेली तरी ती बोली या दोन भावांच्या तोंडी राहिली होती. आणि तिथूनच सगळं सुरू झालं.

शहरातल्या विद्यापीठातून एक प्राध्यापक बाई आल्या. स्वतःच्या मोटारीने आल्या, स्वतःच्या मोटारीने गेल्या. बसस्थानकात त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. त्यांच्याबरोबर एक परदेशी पाहुणा होता. इतका उंच की दारात वाकून शिरे आणि आत आल्यावरही वाकलेलाच राही. वेगवेगळ्या देशांतल्या विद्यापीठांनी मिळून एक अभ्यास हाती घेतला होता. माणसं देवापुढे हात जोडतात आणि मतपेटीपुढे जातात, या दोन जागांमधला रस्ता कसा असतो, तो कोण बांधतो, त्यावर पहारा कोण ठेवतो, असा तो विषय. एकाच देशात बघितलं तर तिथल्याच लोकांचा दोष वाटतो, चार ठिकाणी बघितलं तर दुखणं कळतं, असं बाईंनी कर्ण्याला समजावलं. त्याला ते पटलं.

त्यांना डोंगरापलीकडच्या बोलीचा दुभाष्या हवा होता. टपाल कचेरीतल्या कुणीतरी कर्ण्याचं नाव सांगितलं होतं.

त्यांची कामाची रीत मोठी सावध होती. मागे दुसऱ्या एका देशात याच अभ्यासातला एक साक्षीदार नुसत्या आवाजावरून ओळखला गेला होता, आणि त्याचं घर जाळलं होतं. तेव्हापासून सगळ्या विद्यापीठांनी मिळून नियम केला, की सांगणाऱ्याचा आवाज यंत्रात घ्यायचाच नाही. सांगणाऱ्याने यंत्र बंद असताना सांगायचं. दुभाष्याने मन लावून ऐकायचं. मग यंत्र सुरू करून, तेच सगळं, तो सांगणाराच आहे अशा रीतीने, दुभाष्याने आपल्या आवाजात बोलायचं. सांगणाऱ्याच्या अंगावर एक पांघरूण पडलं, असं ते मानत.

शहरात हे ठीक होतं. तिथे दुभाष्याचा आवाज कोण ओळखतो? इथे त्यांनी सांगणाऱ्या बाईला लपवलं, ते गावातल्या सगळ्यांत ओळखीच्या आवाजामागे. प्राध्यापक बाईंना ते ठाऊक नव्हतं. आणि कर्ण्याच्या हे डोक्यात आलंच नाही, कारण आपण बोलतो तेव्हा गाव ऐकतं हे त्याला कळत होतं, पण काय ऐकतं ते माहीत नव्हतं.

सांगणारी बाई म्हणजे मोठ्या प्रार्थनाघरातली मावशी. प्रार्थनाघराच्या स्वयंपाकघरात ती राबे, सतरंज्या झटके, दिव्यांच्या काचा पुसे, आणि मागच्या अंगाला भांड्यांच्या खोलीला लागून एका कोपऱ्यात झोपे. नवरा नाही, मूल नाही. डोंगरापलीकडून आलेली, गावची भाषा मोडकीतोडकी बोले. प्रार्थनाघरात त्या बोलीची ती एकटीच. कारभारी तिच्यादेखत काहीही बोलत. भिंतीला काय कळतंय, असा त्यांचा हिशेब.

छायाचित्रवाल्याच्या दुकानामागच्या अंधाऱ्या खोलीत, भर दुपारी, मावशी येऊन बसली. पदराने पुन्हा पुन्हा ओठ पुसत होती. तिने सांगितलं, की निवडणुकीच्या आधी एकेका घराच्या कर्त्या माणसाला स्वयंपाकघरात बोलावलं. दिव्यावर हात धरून शपथ घ्यायला लावली, मत कुणाला द्यायचं त्याची. ज्यांनी हात मागे घेतला, त्यांच्या घरी यापुढे मयत झाली तर प्रार्थनाघरातून कुणी जायचं नाही, शेवटची प्रार्थना म्हणायची नाही, खांदा द्यायचा नाही, असं ठरलं. "आणि लेकरा," ती म्हणाली, "कोळशाच्या दुकानवाल्याची आई गेली ना, तेव्हा मी चुलीपाशी होते. त्याचा बाप कारभाऱ्यांच्या पायावर डोकं ठेवून रडत होता. माझ्या हातात पोळी फिरवायचा चिमटा होता. तो मी हलवला नाही. पोळी जळाली."

मग यंत्र सुरू झालं आणि कर्णा बोलला. "माझ्या हातात चिमटा होता. तो मी हलवला नाही. पोळी जळाली." उंच पाहुण्याला भाषा कळत नव्हती, तरी त्याने चष्मा काढून पुसला. मावशी ऐकत होती. म्हणाली, "बरं वाटलं. माझं मलाच पहिल्यांदा ऐकू आलं."

पुढे हंगाम सरला. कर्णा ते विसरलाही असता.

एके सकाळी चहाच्या टपरीवर एका कंडक्टरने त्याला हाक मारली. "कर्णोबा! परदेशात पोचलात की हो! आम्हाला पेढे नाहीत, काही नाही?" आणि त्याने फोन पुढे धरला. फोनमध्ये एक मोठं सभागृह दिसत होतं, झेंडे, पाण्याच्या बाटल्या, सूटबूट घातलेली माणसं. परदेशातल्या कुठल्याशा परिषदेत तिथल्या एका विद्वानाने नमुना म्हणून ध्वनिफितीचा एवढासा तुकडा वाजवला होता, आणि ती परिषद जगभर दिसत होती. आपल्याच गावची कुणी पोरगी तिकडे शिकायला होती. तिने आवाज ऐकला आणि ती आनंदाने उडालीच असेल. माहेर भेटलं तिला. तिने तो तुकडा हौसेने घरी पाठवला, खाली लिहिलं, 'ओळखा पाहू कोण?' आणि गावाने ओळखलं.

कर्ण्याने स्वतःचा आवाज पहिल्यांदा ऐकला तो असा. "दिव्यावर हात धरायला लावला. ज्याने हात मागे घेतला, त्याच्या मयतीला कुणी जायचं नाही."

चहाचा पेला बाकावर ठेवायला गेला, तो बाकाच्या बाहेर ठेवला. कंडक्टर हसता हसता थांबला. टपरीवरची दोन माणसं उठून पैसे देऊन निघून गेली, चहा अर्धा टाकून. तेव्हा कंडक्टरला कळलं की ही गंमत नाही. त्याने फोन खिशात घातला आणि हळूच म्हणाला, "मी काही पाठवलं नाही हं कुणाला. मला आत्ताच आलंय."

त्या दिवशी तो माइकपुढे जाऊन बसला. काचेपलीकडे माणसं वर कर्ण्यांकडे बघत होती. रोज कुणी वर बघत नाही.

दुपारी कारभारी स्वतः आले. प्रार्थनाघराचा सगळा कारभार यांच्या हातात. गोड माणूस, सावकाश बोलणारा, हातात कायम दुमडलेला रुमाल. खोलीत शिरले, दार लोटलं, माइकचं बटण बंद आहे ना ते स्वतः वाकून पाहिलं.

"बस, बस. उठतोस कशाला? अरे, तू आमचा माणूस. तुझ्या बारशाला माझा बाप आला होता."

"होय, कारभारी."

"ते शब्द तुझे नाहीत हे काय मला कळत नाही? तू स्वयंपाकघरात कधी आलास? आणि खरं सांगू, राग मानू नकोस, तुझी तेवढी छाती नाही."

"नाही," कर्णा म्हणाला.

"मग झालं तर! कुणाचे आहेत तेवढं सांग. प्रार्थनेच्या दिवशी सभा आहे. सभेत ये, नाव सांग, आणि घरी जा. दादाची तब्येत कशी आहे?"

"तशीच."

"जप त्याला," कारभारी म्हणाले. रुमालाने त्यांनी खुर्चीची पाठ पुसली, जिथे त्यांचा हात टेकला होता तेवढीच, आणि गेले.

दादाची तब्येत विचारली, ते विचारणंच त्याच्या छातीत रुतलं. घरी आला तर बायकोच्या हातात फोन. तिलाही कुणीतरी पाठवलं होतं.

"अहो, हे काय करून बसलात? गल्लीतून येताना एक बाई बोलली नाही माझ्याशी."

त्याने सगळं सांगितलं. बायको खाली बसली. मग म्हणाली, "नाव सांगून टाका. तिला पुढे-मागे कुणी नाही. आपल्या घरात..." आणि तिने आतल्या खोलीकडे पाहून जीभ चावली.

आतून दादाचा आवाज आला. "आपल्या घरात मयत होण्यासारखा माणूस आहे, असंच ना गं? बोल की. मी काय झोपलोय?"

"तसं नव्हतं म्हणायचं मला, दादा."

"तसंच होतं. आणि बरोबर आहे. पण कर्ण्या, माझ्या भरवशावर काही ठरवू नकोस. डॉक्टर गेली कित्येक वर्षं मला पुढच्या महिन्यात मारतोय, मी काही त्याचं ऐकलेलं नाही." हसताना त्याला धाप लागली. बायको पाणी घेऊन धावली. कर्णा दारातच उभा राहिला. भावाचं डोकं तिने उचललेलं, मान लुळी, आणि त्याच्या मनात आलं, याला एकटा उचलणार कसा आपण?

दुसऱ्या दिवशी प्राध्यापक बाईंचा फोन आला. त्या रडत होत्या. "काका, माझ्या हातून घडलं हो. नियम आम्ही केला आणि गावात यायच्या आधी तुम्ही कोण हे विचारलं नाही मी." तुकडा सगळीकडून काढायला लावला होता, पण फोनाफोनांत गेलेलं कोण काढणार? मग त्या सावरून म्हणाल्या, की सगळ्या विद्यापीठांची बैठक झाली आहे. सगळ्यांच्या सहीने एक निवेदन निघेल. त्यात स्पष्ट असेल की हा आवाज दुभाष्याचा आहे, मत त्याचं नाही, त्याला कोणी त्रास देऊ नये. परदेशी वकिलातीकडेही ते जाईल. "उद्या सकाळी काढतोय. तुम्ही सुटाल, काका."

सुटाल! त्या शब्दाबरोबर त्याच्या अंगातून थंड वारं निघून गेल्यासारखं झालं. त्याने बायकोला सांगितलं. तिने देवाला हात जोडले. त्या संध्याकाळी तो पोटभर जेवला.

आणि हात धुता धुता तो थांबला.

दुभाष्या. गावच्या माणसाचं बोलणं सांगायला गावात दुभाष्या कशाला लागेल? दुभाष्या म्हटलं की बोली आली, बोली म्हटली की डोंगर आला, आणि प्रार्थनाघराच्या स्वयंपाकघरात डोंगरापलीकडचं माणूस एकच. कारभाऱ्यांना नाव विचारायचीही गरज उरणार नव्हती. आजवर ते कुणाकुणावर संशय घेत होते, शपथ मोडलेल्यांवर, आचाऱ्यावर, माळ्यावर. चुलीपाशी बसलेल्या भिंतीकडे अजून कुणी पाहिलं नव्हतं. हे निवेदन तिच्याकडे बोट दाखवणार होतं, तेही साऱ्या विद्यापीठांच्या सहीने.

त्याने फोन उचलला. "मॅडम, ते कागद काढू नका."

"काका, अहो, तुमच्यासाठीच..."

"म्हणूनच म्हणतो. दुभाष्या म्हणू नका. माझ्याबद्दल काहीच म्हणू नका." का, ते त्याने सांगितलं.

"मग तुमचं काय?" बाईंनी विचारलं.

त्याने फोन ठेवला. बायको समोर उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती ओरडली नाही. चुलीपाशी जाऊन झाकलेली भांडी पुन्हा झाकायला लागली.

प्रार्थनेच्या दिवशी तो सभेला निघाला तेव्हा काय बोलायचं ते त्याचं ठरलेलं नव्हतं, हे खरं सांगायला हवं. वाटेत त्याला मावशीचं नाव तोंडात गोळीसारखं फिरताना जाणवत होतं. एकदा थुंकलं की काम झालं. आपण का मरावं? आपण तिला बोलायला सांगितलं होतं का? प्रार्थनाघराच्या पायऱ्यांवर त्याची चप्पल निघेना. पायाला घाम सुटून ती चिकटली होती.

आत कारभारी, धर्मगुरू आणि गावातली वजनदार माणसं बसली होती. त्यांना पाणी द्यायला मावशीच आली. तबक घेऊन ती रांगेने पुढे आली, कर्ण्यापुढे थांबली. त्याने पेला उचलला. पेला तबकावर वाजला. ती पुढच्या माणसाकडे गेली.

"बोल," कारभारी म्हणाले. "कुणाचे शब्द?"

कर्ण्याचं तोंड उघडलं आणि आवाज आला नाही. कुणीतरी हसलं. "माइक द्या रे त्याला."

"माझे," तो म्हणाला.

"मोठ्याने."

"माझेच शब्द आहेत."

"तू स्वयंपाकघरात होतास?"

"नव्हतो." आता बोबडी वळत होती, पण थांबताही येत नव्हतं. "स्टँडवर बसतो मी. काचेसमोरच्या बाकांवर माणसं बोलतात. त्यांना वाटतं काच आहे, ऐकू येत नाही. येतं. चार वर्षं चार घरची माणसं हेच बोलतात. मी जोडलं. त्या बाई पैसे देते म्हणाल्या, म्हणून बाईमाणसासारखं रंगवून सांगितलं. चिमटा, पोळी, सगळं मनाचं."

हे सगळं खोटं होतं. आणि आयुष्यात काचेबाहेर इतकं लांब तो कधी बोलला नव्हता. कारभारी त्याच्याकडे बघत राहिले. त्यांना पटलं नव्हतं, पण सभेसमोर माणूस कबूल झाला होता. आता त्याला खोटं पाडायचं तर स्वयंपाकघरात काय झालं ते आधी उघड करावं लागलं असतं. धर्मगुरूंनी मान खाली घातली. मग ठराव झाला, तोच जुना. या घराशी बोलणं नाही, येणं-जाणं नाही, मयत झाली तरी नाही. बसस्थानकाच्या साहेबांनी त्याच संध्याकाळी निरोप पाठवला, की काही दिवस आराम करा.

घरी आल्यावर बायकोने विचारलं नाही. त्याच्या चेहऱ्यावरच सगळं होतं. तिने दाराला कडी घातली, मग अडसर लावला, आणि मग कपाट ओढायला लागली. "अहो, हात लावा की." दोघांनी मिळून कपाट खिडकीला लावलं.

दिवस जाऊ लागले. दगड आले नाहीत, आग लागली नाही. काही न होण्याचीच भीती वाटे. दादाच्या श्वासाला दोघं कान लावून असत. श्वास मंद झाला की दोघांची नजरानजर होई. दादा म्हणे, "असे बघू नका रे. निवांत मरूही देणार नाही तुम्ही."

आणि मग एका सकाळी, ऐन वर्दळीच्या वेळी, दार वाजलं.

कर्ण्याने फट उघडली. मावशी उभी होती. स्वच्छ धुतलेलं लुगडं, हातात झाकलेलं भांडं. सरळ रस्त्यावरून, सगळ्यांच्या देखत आली होती. आपल्या बोलीत हळूच म्हणाली, "लेकरा, दादापाशी बसायला आले. कुणी येत नाही ना तुमच्याकडे. तुम्ही दोघं थकला असाल."

समोर शिंप्याचं दुकान. त्याचं मशीन चालू होतं, ते थांबलं. शिंपी सुई हातात धरून इकडे बघत होता. त्याच्याकडे कपडे टाकायला आलेली बाईही वळली. मावशीच्या तोंडून आणखी एक शब्द त्या बोलीतला निघाला असता आणि शिंप्याच्या कानावर पडला असता, तर सभेत केलेलं सगळं वाया गेलं असतं.

कर्ण्याने दार सताड उघडलं. आणि जो आवाज कधी काचेबाहेर निघाला नव्हता, तो निघाला. "कोण तुम्ही? कुणाचं घर पाहिजे? इथे कुणी तुम्हाला ओळखत नाही! व्हा पुढे!"

सगळी गल्ली ऐकत होती. मावशी दचकून एक पायरी उतरली. भांड्यातलं काहीतरी तिच्या मनगटावर सांडलं. तिने त्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचे ओठ निळे पडले होते आणि डोळे वाहत होते, पण तो तसाच दातओठ खाऊन उभा होता. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग तिने पदर पुढे ओढला आणि गावच्या मोडक्या भाषेत, शिंप्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "चुकलं हो. घर चुकलं माझं." आणि वळून चालू लागली, भांडं दोन्ही हातांनी धरून, अजिबात घाई न करता.

त्याने दार लावलं. आत बायको भिंतीला टेकून उभी होती, तोंडावर पदर दाबून. "बघितलं का त्यांनी?" तिने विचारलं. त्याने तिला गप्प राहायची खूण केली.

दोघं दाराला कान लावून उभी राहिली. समोरचं मशीन बंदच होतं. कुणाशी तरी शिंपी बोलत होता, काय ते कळत नव्हतं. कात्री ठेवल्याचा आवाज आला. पावलं दुकानाबाहेर आली, थांबली. बायकोने त्याचा हात इतका घट्ट धरला, की बांगडी रुतली. मग पावलं परत आत गेली. मशीन दोन टाके चाललं, थांबलं. पुन्हा चाललं. मग चालतच राहिलं, आणि तरीही ती दोघं दारापासून हलली नाहीत.